हिंसेचें खापर दारिद्र्याच्या माथीं

भुकेला मनुष्य कोणतें पाप करणार नाहीं, अशा अर्थाचें एक संस्कृत वचन आमच्या सुशिक्षित कुटुंबांत फार जुन्या काळापासून तोंडपाठ आहे. सायंकाळीं चहाच्या वेळीं वर्तमानपत्र उघडावें, कोठें तरी दंगा झाल्याची किंवा जाळपोळ झाल्याची बातमी वाचावी, मान हालवावी आणि हें वचन उच्चारून पुढील पानाकडे वळावें, हा आमचा नित्यक्रम होऊन बसला आहे. या वचनाचा मोठा गुण असा, कीं त्यांत दयाहि आहे आणि सुटकाहि आहे. दया गरिबावर करतां येते आणि सुटका आपली करून घेतां येते. बिचारा उपाशी होता, म्हणून त्यानें हात उचलला. यांत कायद्याचा दोष नाहीं, कचेरीचा नाहीं, आणि आपला तर नाहींच नाहीं!

हेंच वचन अलीकडे गणिताचा अंगरखा घालून विद्वानांच्या ग्रंथांतून आपल्या भेटीस येऊं लागलें आहे. मागासलेल्या देशांतील हिंसा, दारिद्र्य आणि राज्यकारभार यांचा परस्परसंबंध शोधण्याचा एक मोठा उद्योग गेल्या कांहीं दशकांत जगांतील विद्यापीठांत आणि सावकारी संस्थांत सुरू झाला आहे. २००४ सालीं ऑक्सफर्डचे पॉल कॉलियर आणि आंके होफ्लर या अर्थशास्त्रज्ञांनीं १९६० पासून १९९९ पर्यंतच्या यादवी युद्धांचा हिशेब मांडला आणि असा निष्कर्ष काढला, कीं विषमता, राजकीय हक्कांचा अभाव इत्यादि गाऱ्हाण्यांपेक्षां बंड करण्याची आर्थिक सोय कितपत आहे यावरून बंडाचा उलगडा अधिक चांगला होतो. जेथें उत्पन्न कमी आणि शिक्षण कमी, तेथें बंडाच्या पुढाऱ्यांना माणसें स्वस्त मिळतात. त्याच वर्षीं एडवर्ड मिगेल, शंकर सत्यनाथ आणि अर्नेस्ट सर्जेंटी यांनीं आफ्रिकेंतील ४१ देशांच्या १९८१ ते १९९९ या काळांतील पावसाच्या नोंदी तपासून, पाऊस चुकला आणि उत्पन्न घटलें म्हणजे यादवीचा संभव वाढतो, असें दाखविलें.

या विद्वानांच्या परिश्रमाविषयीं अथवा प्रामाणिकपणाविषयीं आमचा मुळींच आक्षेप नाहीं. आक्षेप आहे तो त्यांच्या आंकड्यांचा जो अर्थ कारभारी मंडळी आणि त्यांच्यामागून आपण सर्व लावूं लागतों त्याविषयीं. ‘गरीब देशांत यादवी अधिक होते’ हें एक वाक्य झालें. ‘गरीब मनुष्य हिंसक असतो’ हें अगदीं निराळें वाक्य झालें. पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारतांना मध्यें केवढी दरी लागते, याचा विचार कोणी करीत नाहीं.

या दरीचा पुरावा त्याच विद्वानांच्या गोटांत सांपडतो. वर सांगितलेल्या लेखाच्या आधीं एकच वर्ष, म्हणजे २००३ सालीं, जेम्स फिअरन आणि डेव्हिड लेटिन या अमेरिकन पंडितांनीं यादवी युद्धांवर एक निबंध प्रसिद्ध केला. माणशीं उत्पन्न कमी असलेल्या देशांत बंडें अधिक होतात, हें त्यांनाहि आढळलें. पण त्यांनीं लावलेला अर्थ निराळा. कमी उत्पन्न म्हणजे दुबळें सरकार, अपुरे रस्ते आणि निकामी किंवा जुलमी शिपाईप्यादे. बंड वाढतें तें या दुबळेपणामुळें, असें त्यांचें म्हणणें. गोष्ट मोठी बोधप्रद आहे. आंकडा एकच, त्यानें एका विद्वानाच्या घरीं गरिबाविरुद्ध साक्ष दिली आणि दुसऱ्याच्या घरीं सरकाराविरुद्ध. ज्या साक्षीदाराला दोन्ही पक्ष आपल्या बाजूनें उभा करूं शकतात, त्याच्या जबानीवर कोणता न्यायाधीश फांशीची शिक्षा देईल?

परदेशच्या कोष्टकांत हा प्रश्न सुटत नसेल, तर आपल्याच घरचे जुने कागद उघडून पाहूं.

१२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें या बाजाराच्या गांवीं भोवतालच्या खेड्यांतील कुणबी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. तेथून हें लोण पुणें आणि अहमदनगर या जिल्ह्यांतील तीसाहून अधिक गांवांत पसरलें. साडेनऊशेंच्या आसपास लोक पकडले गेले. इतिहासांत यांनाच ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. दुकानें लुटलीं गेलीं, कांहीं घरांना आगी लागल्या, हें खरें आहे. आणि तें चांगलें झालें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु या दंग्यांचें एक लक्षण चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांच्याहि नजरेंतून सुटलें नाहीं. जमावाची मुख्य मागणी कर्जरोख्यांची आणि खातेवह्यांची होती. जेथें सावकारानें ते कागद निमूटपणें पुढें केले, तेथें बहुधा त्याच्या अंगाला धक्का लागला नाहीं. जेथें त्यानें नकार दिला, तेथें आग भडकली. रोख्यांची होळी झाली आणि माणसें घरोघर गेलीं. नुसत्या उपासमारीनें पिसाळलेला जमाव असा वागतो काय? भुकेल्याला कागद खातां येत नाहीं, आणि जाळून त्यावर भाकरीहि भाजत नाहीं!

मग कागदावरच एवढा राग कां? याचें उत्तर कायद्याच्या पुस्तकांत आहे. १८५९ सालीं मुदतीचा कायदा झाला आणि कर्जरोख्याची मुदत तीन वर्षें ठरली. जुनें, विसरलेलें कर्ज वर्षानुवर्षें फुगत राहूं नये, असा त्यांतील सद्धेतु. पण खेड्यांत त्याचा परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनीं सावकार कुणब्याला बोलावून नवा रोखा लिहून घेऊं लागला आणि थकलेलें व्याज नव्या रोख्यांत मुद्दल होऊन बसूं लागलें. कुणब्याला वाचतां येत नव्हतें. तो अंगठा उठवीत होता. पुढें सावकार दिवाणी कोर्टांत गेला, कीं तेथें रोखा बोलत असे आणि कुणबी मुका असे. पुष्कळदां तो हजरच नसे, आणि एकतर्फी हुकूमनामा होई. आपल्याला समन्स पोंचलेंच नाहीं, ही कुणब्यांची जुनी तक्रार. जप्तीचा बेलिफ मात्र बरोबर घर शोधून काढी! याच सुमारास १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीमुळें चढलेले कापसाचे भाव कोसळले होते आणि सावकाराचा हात आंखडला होता. त्यांतच १८६७ पासून जमाबंदीच्या फेरतपासणींत सरकारी सारा कांहीं ठिकाणीं ५० पासून १०० टक्क्यांपर्यंत वाढविण्यांत आला.

फिअरन आणि लेटिन यांच्या निदानांत जी उणीव राहते ती येथें दिसते. सुप्याचें सरकार दुबळें होतें काय? मुळींच नव्हतें. सारा वसूल करणारा त्याचा हात बळकट होता, हुकूमनामा बजावणारा हात त्याहूनहि बळकट होता. पांगळा होता तो गाऱ्हाणें ऐकणारा कान. मुका आणि बळकट असा कारभार दुबळ्या कारभाराहून अधिक घातक असतो. कारण तो मनुष्याला कोंडींत पकडतो आणि वर तीच कोंडी कायदेशीर असल्याचें बजावतो.

दंगे शमल्यावर सरकारनें चौकशीचें कमिशन नेमलें. आमच्या मतें हिंसा, दारिद्र्य आणि कारभार यांवरील आपल्या इकडचें हें पहिलें मोठें संशोधन होय; आणि आजच्या संशोधनाचे सर्व गुण आणि सर्व दोष त्यांत बीजरूपानें सांपडतात. बारा गांवांची पाहणी झाली. खातेदारांपैकीं सुमारें एकतृतीयांश कर्जांत बुडालेले, आणि त्यांचें कर्ज त्यांच्या साऱ्याच्या अठरापट, असें आढळलें. जबान्या झाल्या, कोष्टकें झालीं. दिवाणी कोर्टांतील एकतर्फी हुकूमनाम्यांवरहि कमिशननें बोट ठेवलें, हें आम्ही कृतज्ञतेनें नमूद करतों. परंतु सरकारी साऱ्याचा प्रश्न आला, तेव्हां निर्वाळा असा निघाला, कीं सारा हें या असंतोषाचें मुख्य कारण नव्हे. दोष विशेषेंकरून सावकाराचा आणि कुणब्याच्या कर्जबाजारीपणाचा. कमिशनचेच एक सभासद ऑकलंड कॉल्विन यांनीं निराळें टिपण लिहून जमाबंदीच्या वाढीवर कडक टीका केली. टिपण परिशिष्टांत गेलें. परिशिष्टें किती लोक वाचतात, हें वाचकांस सांगावयास नको.

तात्पर्य, जो प्रश्न विचारतो, त्याचें घर सोडून इतर सर्व घरांची झडती होते. परंतु औषधावरून रोग ओळखावयाचा असेल, तर १८७९ चा दक्षिणी शेतकऱ्यांच्या दादरसीचा कायदा पाहावा. पुणें, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. त्यानें कुणब्याच्या पोटांत अन्न घातलें नाहीं. त्यानें न्यायाधीशाला रोख्याच्या मागें जाऊन मूळ देण्याघेण्याचा हिशेब तपासण्याचा अधिकार दिला, कर्जापायीं होणारी कैद बंद केली, आणि दस्तऐवज गांवच्या रजिस्ट्रारसमोर करण्याची व तंट्यांत समेट घडवून आणण्याची सोय केली. म्हणजे अहवालांत दोष कोणाचाहि म्हटला असो, दुरुस्ती करावी लागली ती कोर्टाची! पुढें न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं याच कायद्याखालीं विशेष न्यायाधीशाचें काम केलें.

आतां दारिद्र्याच्या आरोपाची खरी कसोटी पाहा. दंगे झाले १८७५ सालीं. १८७६ सालीं पाऊस गेला आणि १८७६ ते १८७८ चा तो भयंकर दुष्काळ पडला. दारिद्र्य हेंच हिंसेचें मूळ असतें, तर १८७७ सालीं दख्खन पेटून उठावयास हवें होतें. प्रत्यक्षांत काय झालें? लाखों लोक खडी फोडण्याच्या कामावर गेले. १८७७ च्या आरंभीं सरकारनें काटकसरीसाठीं त्यांची मजुरी कमी केली; दिवसाला पुरुषाच्या वांट्यास सुमारें अर्धा शेर धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा, एवढाच तो हिशेब. तेव्हां या हाडांच्या सांपळ्यांनीं काय केलें? त्यांनीं कोणाचें घर जाळलें नाहीं. हजारों लोक कामावरून उठले आणि चालते झाले. तो उपाशी माणसांचा संप होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारापुढें मांडली, आणि गांवोगांवची स्थिति कळवून घेऊन ती लिहून काढली.

या काळांत धान्याच्या लुटी आणि दरोडे झालेच नाहींत, असें आम्ही म्हणत नाहीं. १८७९ चें वासुदेव बळवंत फडके यांचें बंडहि याच दुष्काळाच्या पाठोपाठ आलें. परंतु त्या बंडालाहि नुसती भूक पुरली नाहीं. राज्यकर्त्यांविषयींचा धगधगता संताप हें त्याचें इंधन होतें. भुकेनें मनुष्य खंगतो, स्थलांतर करतो, मुलेंबाळें घेऊन दुसऱ्या जिल्ह्याची वाट धरतो, आणि फार फार तर निमूटपणें मरतो. तो हात उचलतो तेव्हां बहुधा भुकेच्या जोडीला दुसरें कांहीं तरी असतें: आपली फसवणूक होत आहे, ती कायद्यानें होत आहे, आणि दाद मागावयास एकहि दार उघडें नाहीं, ही खात्री.

आणि हीं दारें बंद करणारे हात कोणाचे होते? येथें आपल्या वर्गाविषयीं दोन शब्द बोलणें भाग आहे. सुप्याचा रोखा कुणब्यानें लिहिला नव्हता. तो लिहिणारा लेखक साक्षर होता, एकतर्फी दावा चालविणारा वकील पदवीधर होता, समन्स बजावल्याचा शेरा मारणारा कारकून पांढरपेशा होता. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला, तो या लिहित्या हातांवरहि उगारला होता. आमच्या वर्गाला तो झोंबला. पण उत्तर देण्याऐवजीं आम्ही भाषेच्या राकटपणाची चर्चा करीत बसलों. कोणतीहि कमिटी न नेमतां, एक पैचाहि भत्ता न घेतां झालेलें तें संशोधन होतें. आणि त्यांत ज्या घराची झडती सरकारी कमिशननें टाळली, त्याच घरांत आधीं पाऊल टाकलेलें होतें.

हें सर्व दीडशें वर्षांपूर्वींचें. आतां राज्य आपलें आहे, त्याचें काय, असें कोणी विचारील. तर मग महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोंकाला, गडचिरोली जिल्ह्यांत, या. नक्षलवादी चळवळीनें या जिल्ह्यांत अनेक वर्षें रक्त सांडलें. त्यांत मेलेल्यांत गरीब आदिवासी होते आणि गरीबाघरचे पोलीस शिपाईहि होते. या हिंसेचें समर्थन करण्याचें पाप आम्हांस करावयाचें नाहीं. पण तिचें कारण सांगतांना ‘मागासलेपणा’ हा एकच शब्द उच्चारून आपण जे मोकळे होतों, तें मात्र सहन होत नाहीं. २००८ सालीं तत्कालीन नियोजन मंडळानें नेमलेल्या, देवव्रत बंद्योपाध्याय यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटानें आपल्या अहवालांत जमीन, जंगल, विस्थापन आणि आदिवासींच्या हक्कांचे कागदावरच राहिलेले कायदे यांकडे बोट दाखविलें होतें. मुख्य प्रश्न कारभाराचा आहे, हें सरकारी शिक्क्याच्याच कागदावर लिहिलें गेलें.

एक लहानसा दाखला घेऊं. बांबू हें गवत आहे, हें वनस्पतिशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीहि सांगेल. १९२७ च्या वनकायद्यानें मात्र त्याला वृक्ष ठरविलें. वृक्ष म्हणजे लांकूड, आणि लांकूड म्हणजे वनखात्याची मालमत्ता. बांबूच्या टोपल्या विणून पोट भरणारा मनुष्य एका व्याख्येनें चोर ठरला. २००६ च्या वनहक्क कायद्यानें बांबू गौण वनोपज म्हणून गांवाच्या हक्कांत आणला. तरी जुना कायदा पुस्तकांतच होता. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गांवाला २००९ सालीं सुमारें अठराशें हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला; पण स्वतःचा बांबू विकून गांवाबाहेर नेण्याचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हातीं पडावयास २०११ साल उजाडलें, आणि त्यासाठीं दिल्लीहून केंद्रीय मंत्र्याला गांवांत यावें लागलें! १९२७ च्या कायद्यांतील वृक्षाच्या व्याख्येंतून ‘बांबू’ हा शब्द गळाला तो २०१७ सालीं. नव्वद वर्षें एक गवत कायद्यानें झाड होऊन उभें होतें, आणि त्याच्या सांवलींत किती माणसें गुन्हेगार झालीं याचें कोष्टक कोणत्याहि विद्यापीठानें मांडलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं.

मेंढा गांव श्रीमंत नव्हतें. दारिद्र्याचें सूत्र खरें मानलें, तर तें हिंसेला अगदीं योग्य असें स्थळ. पण तेथील लोकांनीं बंदूक धरली नाहीं. त्यांनीं अभ्यासगट स्थापन केले. देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी कायदे समजावून घेऊं लागले, जंगलाचा हिशेब करूं लागले, आणि एकमत झाल्याखेरीज निर्णय घ्यावयाचा नाहीं, असा ग्रामसभेचा दंडक पाळूं लागले. दारिद्र्य तेंच, जंगल तेंच, जिल्हा तोच; पण येथें गाऱ्हाण्याला बोलावयास एक जागा होती, आणि ती लोकांनीं स्वतः उभी केली होती.

म्हणून आमचें मागणें तीन कलमांचें आहे. पहिलें, हिंसेची चौकशी करणाऱ्यानें जितक्या झोंपड्यांत जाऊन प्रश्न विचारले, तितक्याच कचेऱ्यांत जाऊन विचारावे. झोंपडींतील माणसाचें उत्पन्न मोजावें, तसेंच कचेरींत अर्ज किती दिवस पडून राहिला, समन्स खरोखर पोंचलें काय, परवान्याला किती खेटे घालावे लागले, हेंहि मोजावें. दुसरें, कॉल्विनसारखें कोणाचें मत निराळें पडलें, तर तें परिशिष्टांत न पुरतां पहिल्या पानावर छापावें. तिसरें, ज्यांच्या जबान्या घेतल्या, त्यांच्या भाषेंत अहवाल त्यांच्या गांवीं वाचून दाखवावा. दख्खनच्या दंग्यांचा अहवाल इंग्रजींत निघाला आणि १८७८ सालीं ब्रिटिश पार्लमेंटपुढें ठेवला गेला. सुप्याच्या कुणब्याला त्यांत आपल्याविषयीं काय लिहिलें आहे तें कधींच कळलें नाहीं. ज्या कागदांना तो जाळीत होता, त्यांत आणखी एका कागदाची भर पडली, एवढेंच.

असें संशोधन झालें, तर कारभाऱ्यांना तें रुचणार नाहीं, आणि खरें बोलावयाचें तर आपल्यालाहि रुचणार नाहीं. कारण कचेरींतील खुर्चीवर बहुधा आपलाच भाऊ, पुतण्या किंवा जांवई बसलेला असतो. पण उद्यां सायंकाळीं वर्तमानपत्रांत पुन्हा कोठें तरी आग लागल्याची बातमी येईल, आणि तें संस्कृत वचन पुन्हा आपल्या जिभेवर येईल. तें उच्चारण्यापूर्वीं वाचकांनीं एक क्षण थांबावें, आणि तेथील लोक किती उपाशी होते या प्रश्नाआधीं एवढेंच विचारावें, कीं त्यांनीं यापूर्वीं किती अर्ज केले होते, आणि ते कोणाच्या टेबलावर पडून होते?